लॅबमधल्या काकू

वर्गात एकमेकींना ओळख दाखवायची नाही, असं गाडीतच ठरलं. ठरलं म्हणजे माझ्या मुलीने ठरवलं. मी गाडी चालवत होते आणि ती शेजारी बसून अटी सांगत होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं नाही. ती काही चुकीचं बोलली तर मान हलवायची नाही. डबा द्यायचा नाही. तिला लायब्ररीच्या बाजूला सोडायचं आणि मी गाडी मागच्या पार्किंगला न्यायची, म्हणजे दोघी एका दाराने आत शिरणार नाही. "इट्स नॉट पर्सनल, आई," ती म्हणाली. मी म्हटलं, बरं. बारावीतल्या मुलीशी सकाळी सकाळी वाद घालून जिंकलेली आई मी अजून पाहिलेली नाही. असलीच कुठे तर तिला माझा नमस्कार.

मायलेकी एका वर्गात आल्या कशा, ते आधी सांगते. नागपूरला मी एका शिकवणी वर्गात गणित शिकवायचे. लग्न करून नवऱ्याच्या मागे बेलव्ह्यूला आले, तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं. मुलगी जरा मोठी झाल्यावर मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. इथे तशी सोय आहे. पहिल्या दोन वर्षांचे विषय कमी फीच्या कॉलेजात करायचे आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घ्यायची. मला आमच्या गावालगतच्या सरोवरापलीकडच्या युनिव्हर्सिटीत जाऊन कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घ्यायची होती. पण घर, पाहुणे, आजारपणं, भारतवाऱ्या सांभाळत एका वेळी एकच विषय घेतला की दोन वर्षांचं किती लांबतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. माझं इतकं लांबलं की मुलगी बारावीत आली. इथे बारावीच्या मुलांना शाळेऐवजी याच कॉलेजात येऊन शिकता येतं. त्या शरदात डेटा स्ट्रक्चर्स हा विषय तिलाही हवा होता आणि मलाही, आणि दोघींना जमेल अशी एकच वेळ उरली होती.

नवऱ्याला हा प्रकार भलताच आवडला. "मस्त यार, एकीने नोट्स घेतल्या तरी चालेल," तो म्हणाला. मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने ऑफिसला गेला.

आमच्या बाई साठीच्या घरातल्या होत्या, कापलेले पांढरे केस, पायात कायम डोंगर चढायचे बूट. पूर्वी कुठल्याशा कंपनीत होत्या. त्यांची एक पद्धत होती. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसायचं. एकाने फक्त टाइप करायचं, दुसऱ्याने फक्त बोलायचं. बोलणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, आणि टाइप करणाऱ्याने समोरच्याला सांगितल्याशिवाय एक अक्षरही पुढे जायचं नाही. त्यांच्या टेबलावर एक घंटी होती. ती वाजली की अदलाबदल. जोड्या त्या कॉम्प्युटरवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काढायच्या, आणि एकदा निघालेली जोडी सत्र संपेपर्यंत मोडायची नाही.

आमची जोडी निघाली.

बाईंचा काही दोष नव्हता. माझा पहिला पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यामुळे सगळीकडे माझं माहेरचं आडनाव चालत आलेलं, आणि मुलीचं तिच्या बापाचं. बाईंनी दोन वेगळी नावं वाचली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. मुलीचा चेहरा पडला. तिने तेव्हाच हात वर करून सांगितलं असतं की ही माझी आई आहे, तर बाईंनी जोडी बदलून दिली असती. पण तसं सांगायचं म्हणजे सगळ्या वर्गासमोर ओळख द्यायची. ती गप्प बसली. मीही गप्प बसले, पण माझं कारण अगदी वेगळं होतं. मला ती जोडी हवी होती.

हवी होती कारण घरी आमचं बोलणं बंद पडल्यात जमा होतं. भांडण वगैरे काही नव्हतं. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि उत्तरंसुद्धा ठरलेली: फाइन, नथिंग, लेटर. प्राथमिक शाळेत असेपर्यंत ती माझ्याशी भरभरून मराठीत बोलायची. मग हळूहळू मराठी सुटली आणि तिच्यामागोमाग बोलणंही. इथल्या सगळ्याच घरांत असं होतं, इथल्या मराठी मंडळात भेटणाऱ्या बायका हेच सांगतात आणि हसून सोडून देतात. मला हसता येत नसे. माझी मुलगी समोर बसून जेवायची आणि मला तिची आठवण यायची.

पहिले काही दिवस लॅबमध्ये ती माझ्याशी फार अदबीने वागली. "कुड यू प्लीज स्क्रोल अप?" असं विचारायची. घरी तिच्या तोंडून 'प्लीज' ऐकून मला युगं लोटली होती. मीही म्हणायचे, "शुअर." मग घंटी वाजायची आणि आम्ही खुर्च्या बदलायचो. दोन परक्या बायका बँकेत शेजारी उभ्या राहाव्यात, तसं आमचं चाललं होतं.

मग लिंक्ड लिस्ट आली. सोपं करून सांगायचं तर ही एक माणसांची रांग असते आणि प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याचा हात धरलेला असतो. मागे कोण आहे, ते कोणालाच माहीत नसतं. मधल्या कोणाला रांगेतून काढायचं झालं, तर त्याच्या पुढच्याचा हात आधी धरून ठेवावा लागतो. नाही धरला तर पुढची सगळी रांग हरवते आणि परत सापडत नाही. त्या दिवशी माझी मुलगी टाइप करत होती, मी बोलत होते, आणि तिने मी सांगण्याआधीच मधल्याला सोडून दिलं. पुढची रांग गायब. तिने पुन्हा तेच केलं. मग पुन्हा. माझा स्वभाव मुळात शीघ्रकोपी, त्यात मी शिकवणीची बाई. तोंडातून निघूनच गेलं.

"अगं, काय करून राहिली तू? आधी पुढच्याचा हात धर ना, मग त्याला सोड."

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "धरून राहिली ना मी," ती म्हणाली. "हे बघ, इथे धरला. तूच बघत नाही नीट."

मी कोड विसरले. बेलव्ह्यूत वाढलेली माझी मुलगी अस्सल नागपुरी बोलत होती. हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं मी एकटीच बडबडते असं वाटत होतं, आणि ती सगळं ऐकत होती. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण डोळे भरून आले होते आणि अटींमध्ये रडणं बसत नव्हतं.

पुढच्या टेबलावर नाशिकची एक मुलगी बसायची, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिने मागे वळून पाहिलं. "अय्या, तुम्ही मराठी आहात? मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. मग आम्हा दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत तिने विचारलं, "मायलेकी का तुम्ही?"

"नाही नाही," माझी मुलगी म्हणाली. "काकू आहेत."

पोटच्या मुलीने मला काकू म्हटलं. नाशिककरणीने समजूतदारपणे मान हलवली. मी तिच्याकडे बघून हसले, दुसरं काय करणार? ती वळल्यावर मी हळूच विचारलं, "काकू?"

"यू नो, आपल्याकडे सगळ्याच काकू असतात," मुलगी म्हणाली. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "काकू, आता पुढच्या ओळीत काय लिहू?"

तिथून तो खेळ सुरू झाला. लॅबमध्ये मी काकू, आणि काकूंशी मराठीत बोलायचं. 'तूच बघत नाही' वरून ती 'तुम्ही' वर आली. तिची मराठी मोडकी होती, मधेच इंग्रजी क्रियापदाला 'करणं' जोडून वेळ मारून न्यायची, पण ती बोलायची. लॅब संपल्यावर आम्ही कॅफेटेरियात बसू लागलो. डबा न देण्याची अट आईसाठी होती, काकूंसाठी नव्हती. सांबारवडी, म्हणजे आमची नागपूरची कोथिंबिरीची वडी, घरी ती बोटाने बाजूला सारायची. काकूंच्या डब्यातल्या मात्र न विचारता उचलायची. "काकू, तुम्ही भारी बनवता हां," असं वर म्हणायचीही. एकदा मी म्हटलं, तुझी आई बनवत नाही का? तर म्हणते, "आई बनवते, पण ती बघत बसते ना, मी किती खाल्ल्या ते."

हे खरं होतं. मी बघत बसते.

काकूंना ती काय काय सांगायची. तिची शाळेतली जिवलग मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात गेली होती, आणि म्हणून गेल्या वर्षी ही जेवणाच्या सुट्टीत एकटी शाळेच्या लायब्ररीत बसायची. बाबा जोक मारतात तेव्हा तिला हसू येतं, पण दाखवता येत नाही. आई सगळं आधीच ठरवून ठेवते, आणि मग विचारते, तुला काय हवं. मी ऐकायचे आणि काकूंसारखी उत्तरं द्यायचे. काकू माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. त्या चिडत नसत, उपदेश करत नसत, मधेच 'केस नीट बांध' म्हणत नसत. पार्किंगपर्यंत आलो की खेळ संपायचा. मुलगी गाडीत बसायची, कानात हेडफोन घालायची, आणि मी आई व्हायचे. घरी पोचेपर्यंत रस्ताभर मला काकूंचा हेवा वाटायचा. लोकांना हे वेडेपणाचं वाटेल, पण होतं ते असं होतं.

आमच्या घरात एक बेत पक्का होता. पक्का म्हणजे माझ्या मनात, आणि नवऱ्याच्याही. दोघींनी सरोवरापलीकडच्या त्याच युनिव्हर्सिटीत जायचं. ती बारावीनंतर, मी ट्रान्स्फर घेऊन. एकाच गाडीतून. सरोवरावरच्या पुलावर दोन माणसांची गाडी असली की वेगळी मोकळी लेन मिळते, इथवर नवऱ्याचा हिशेब झालेला. मी तर त्याच्याही पुढे गेले होते. मी मनातल्या मनात आम्हा दोघींना तिथल्या लॅबमध्येही शेजारी बसवलं होतं. एवढ्या वर्षांनी डिग्री मिळणार याचा आनंद होताच. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला डिग्रीपेक्षा ती शेजारची खुर्ची जास्त हवी होती.

पानं गळून गेली होती आणि सत्र संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. कॅफेटेरियात मुलगी बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती.

"काकू, एक सांगू? पण आईला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"मी ओहायोला अप्लाय केलंय. तिथे मला जायचं आहे."

मी विचारलं, ओहायोच का? इथे घराजवळ त्याहून नावाजलेली युनिव्हर्सिटी आहे. ती म्हणाली, तिथे तिला कोणी ओळखत नाही. तिथे ती कोणाची मुलगी नसेल, कोणाच्या गाडीत नसेल. तिला बघायचं आहे की एकटीने जमतं का. हे सगळं ती तुटक मराठीत, शब्द शोधत शोधत सांगत होती. मराठीत होतं म्हणूनच ते मला जास्त लागत होतं.

"तुम्ही आईच्या जागी असता, तर काय म्हटलं असतं?" तिने विचारलं.

काकूंना हे अवघड नव्हतं. काकू समजूतदार बाई. त्यांनी डबा बंद केला आणि म्हटलं, "जा म्हटलं असतं. तुझ्या वयाची असते तर मीही गेले असते." मुलगी इतकी खूश झाली की तिने माझ्या दंडावर डोकं टेकवलं, भर कॅफेटेरियात. मी हलले नाही. सत्राच्या शेवटच्या दिवशी बाईंनी आम्हाला सांगितलं की एवढं नीट बोलणारी जोडी त्यांच्या वर्गात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

पुढच्या सत्रात आमचे वर्ग वेगळे झाले. मी डबा करत राहिले. कॅफेटेरियात त्याच टेबलावर बसून पुस्तक उघडायचे आणि दाराकडे बघायचे. ती मैत्रिणींबरोबर समोरून जायची. तिला आता तिथे मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि याचा मला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. एकदा जाता जाता तिने हात केला. मी दिवसभर त्या हात करण्याच्या आनंदात होते. घरी पुन्हा फाइन आणि नथिंग. ओहायोचं नाव तिनेही काढलं नाही आणि मीही नाही, कारण आईला ते माहीत नव्हतं.

प्रवेशाचे निकाल वसंतात आले. मला पलीकडच्या युनिव्हर्सिटीने घेतलं. मुलीलाही घेतलं. नवऱ्याने येताना केक आणला. जेवणाच्या टेबलावर तो पुलावरच्या लेनचं पुन्हा सांगू लागला, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मी ओहायोला जाणार आहे. आय गॉट इन."

नवऱ्याने आधी गंमत समजून हसून पाहिलं. मग गंमत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "ओहायो? अगं, इथे सगळं जमून आलंय, आईसुद्धा त्याच कॅम्पसवर असेल. कॅन्सल कर ते." तो माझ्याकडे वळला. "तू बोल ना काहीतरी."

हा प्रसंग येणार हे मला कितीतरी दिवस माहीत होतं. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. चांगली, मोठ्या मनाची वाक्यं होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. घरात, बापासमोर, ती मराठीत बोलली.

"काकू तर जा म्हणाल्या होत्या."

"कुठल्या काकू?" नवरा म्हणाला.

मला राग आला होता, कोणावर ते आजही सांगता येणार नाही. "काकूंचं काय जातंय सांगायला?" मी म्हटलं. "तू काही त्यांची मुलगी नाहीस. ओहायोला जाऊन वर्षभर तोंड दाखवलं नाहीस तरी त्यांना काही होणार नाही. आणि एवढी मोठी गोष्ट काकूंना आधी सांगितलीस. आईला का नाही सांगितलीस?"

तिचे डोळे भरले.

"सांगितली ना," ती म्हणाली. "तुलाच तर सांगितली. सगळ्यात आधी."

नवरा केकची सुरी हातात धरून एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. मी उठले आणि मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. त्या संध्याकाळी मी जा म्हणाले नाही आणि राहा असंही म्हणाले नाही. पण ती जाणार हे त्या वेळी ठरलं.

युनिव्हर्सिटीतली माझी जागा सोडून द्यावी, असं मधल्या काळात मनात येऊन गेलं. एकटीने कशाला जायचं, असं वाटायचं. विशीतल्या मुलांमध्ये बसून मी काय करणार? मी हे बोलून दाखवलं नव्हतं, तरी मुलीला कळलं. सामान बांधताना ती म्हणाली, "आई, तू एकटीच जा ना तिकडे. मी पण तिथे आले असते, तर तू माझ्यासाठीच आली असतीस." इतकं सरळ मला अजून कोणी सुनावलेलं नाही. मी तिच्या स्वेटरच्या घड्या घालत राहिले.

ती ओहायोला गेली. तिथलं घड्याळ तीन तास पुढे आहे, त्यामुळे मी उठते तेव्हा ती वर्गात असते आणि मला बोलायला सवड होते तेव्हा तिचे डोळे मिटत आलेले असतात. रविवारी फोन येतो. फाइन, बिझी, लव्ह यू. आवाज आनंदी असतो, एवढं मला ऐकू येतं. एकदा वाटलं, विचारावं, काकूंशी बोलतेस का थोडं. नाही विचारलं. ते तिच्या मनात आलं तरच खरं.

मी पुलावरून एकटी जाते, गर्दीच्या लेनमधून. पहिल्या आठवड्यात इथल्या लॅबमध्येही जोड्या लावल्या. माझ्या शेजारी एक उंच, विस्कटलेल्या केसांचा मुलगा आला. त्याने माझ्याकडे बघून जरा जपूनच विचारलं, मी आधी कधी असं जोडीने काम केलंय का?

"केलंय," मी म्हणाले. "कम्युनिटी कॉलेजात. माझ्या मुलीबरोबर."

वर्गात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते, आणि ते जरा मोठ्यानेच निघालं. पुढच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. शेजारच्या मुलाने विचारलं, ती आता कुठे आहे? मी सांगितलं, ओहायोला. "यू मस्ट मिस हर," तो म्हणाला. इथली मुलं असं काही सहज बोलून जातात.

मी म्हटलं, हो, फार. मग त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि वाट बघत थांबला. बोलायची पाळी माझी होती. मी सुरुवात केली, इंग्रजीत.